मोटरीला अर्थ मिळत नाही

पसरणीचा घाट ज्यांनी ऐन पावसाळ्यात गाडीने चढला असेल त्यांना काच धुरकटणे म्हणजे काय हे सांगायला नको. ढग रस्त्यावर उतरलेले असतात, गाडीत माणसांचा श्वास कोंडलेला असतो आणि दोहोंच्या मध्ये थंड पडलेली काच असते. आतल्या दमट हवेतले पाणी तिच्यावर बसते आणि पाहता पाहता समोरचे वळण नाहीसे होते. तीन पावसाळ्यांपूर्वी वाईहून पाचगणीला जाताना आमचे असेच झाले. एक जण चालवत होता, दुसरा रुमालाने काच पुसत होता. एका वळणावर उतरणीची एस. टी. आमच्या इतकी जवळून गेली की त्यानंतर पाचगणीपर्यंत आम्ही दोघे एकमेकांशी बोललो नाही.

गाडीत काच साफ करणारे यंत्र होते, पण ते काम करीत नव्हते. म्हणजे पूर्ण बंदही नव्हते. बटण दाबले की डॅशबोर्डाखालचा हीटरचा पंखा कण्हत कण्हत फिरे आणि काचेकडे जाणाऱ्या फटीतून उंदराच्या श्वासाइतका वारा येई.

आम्ही दोघेही मराठीचे प्राध्यापक. एक सांगलीत शिकवतो, दुसरा साताऱ्यात. गाडी १९७३ सालची, कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली फियाट. आमच्यापैकी एकाच्या वडिलांनी ती १९८४ साली पाचगणीतल्या एका गृहस्थांकडून घेतली. इंजिन १०८९ सी. सी.चे, गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच लावलेला. आपल्याकडच्या या गाड्यांना हीटर सहसा नसे. त्या गृहस्थांनी तो बाहेरून बसवून घेतला होता, आणि महाबळेश्वरी वेण्णा तलावाकाठी हिवाळ्यात कधी दवबिंदू गोठतात हे ध्यानात घेतले तर त्यात चैनीचा भाग थोडाच होता. इंजिन थंड राखण्यासाठी जे पाणी खेळवतात त्यातलेच थोडे गरम पाणी एका छोट्या जाळीतून फिरवायचे आणि पंख्याने त्या जाळीवरची हवा आत, विशेषतः काचेवर, ढकलायची, एवढीच ही युक्ती. अमेरिकेत १९३०च्या दशकात ती रूढ झाली. तिचा दुसरा उपयोग आपल्याकडच्या जुन्या चालकांना चांगला ठाऊक होता. खंबाटकीच्या चढाला इंजिन तापू लागले की हीटर पूर्ण उघडायचा. पाण्याला निवायला आणखी एक जाळी मिळते. भर उन्हाळ्यात हीटर लावून घामाघूम चढलेल्या गाड्या आम्ही लहानपणी पाहिल्या आहेत. पंखा मंद असला की यातले काहीच होत नाही.

घरातल्यांचे म्हणणे गाडी विकावी असे होते. त्यांचे चुकत नव्हते. सुटे भाग मिळत नाहीत आणि नोंदणीचे नूतनीकरण दर खेपेला दमवते. आम्ही एक मुदत मागून घेतली. पंखा दुरुस्त झाला तर गाडी राहील, नाही तर नाही. त्या मुदतीत जे पाहिले त्याने आम्हांला आमच्याच विषयाकडे, मराठी वाङ्मयाच्या इतिहासाकडे, नव्याने पाहावे लागले. हा लेख त्यासाठी.

सांगली म्हटली की आमच्या वर्गात १८४३ सालचे विष्णुदास भाव्यांचे सीतास्वयंवर येते आणि त्यापाठोपाठ नाट्यपंढरी हा शब्द. सातारा म्हटले की गादी, छत्रपती आणि बखरी. पण याच कृष्णाकाठाने गेल्या शंभर वर्षांत दुसरेही काही घडवले. लक्ष्मणराव किर्लोस्करांना (१८६९–१९५६) चित्रकार व्हायचे होते. रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले, मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले, ते सोडून बेळगावात सायकलींच्या दुकानात आले आणि शेवटी लोखंडी नांगराच्या कारखान्याकडे. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ दिला. १९१० साली त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. तशीच कहाणी कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीची, जिथला प्रभाकर कंदील मराठी घराघरांत लागला. साताऱ्यात धनजीशा कूपर यांनी १९२२ साली कारखाना काढला. नांगरांपासून डिझेल इंजिनांपर्यंत त्याची मजल गेली. (हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधान होते. आमच्या विद्यार्थ्यांना सोडाच, आम्हांलाही ते उशिरा कळले.) सातारा रोडचा हा कारखाना पुढे वालचंद समूहाकडे गेला. त्याच वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली, तिच्यातून आमची फियाट निघाली. सांगलीचे १९४७ साली सुरू झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय १९५५पासून त्यांचेच नाव लावते. म्हणजे आम्ही ज्या गाडीत बसून घाट चढत होतो तिचे गोत्र आमच्या दोन्ही गावांत होते, आणि आम्हांला ते माहीत नव्हते.

लोखंडी नांगर शेतकरी प्रथम घेईनात. लोखंडाने जमीन विषारी होते असा समज होता; हे सर्वांनी वाचलेले आहे. पण तो समज गेल्यावर काय झाले असेल याचा विचार आम्ही कधी केला नव्हता. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार होता. लोखंडी नांगराला नट होते, बोल्ट होते, बदलायचा फाळ होता. शेतकऱ्याच्या हाती पहिल्यांदा पाना आला तो या नांगराबरोबर. पाठोपाठ पंप आले. भाषेत त्याची खूण सापडते. कृष्णाकाठी ‘मोटर’ म्हणजे गाडी नव्हे. मोटर म्हणजे विहिरीवरचा किंवा नदीवरचा पंप. ‘दादा मोटर चालू करायला गेलाय’ हे वाक्य सांगली जिल्ह्यात कोणीही बरोबर समजेल. ज्या थारोळ्यात पूर्वी मोटेचे पाणी पडे तिथेच मोटरीचे पडू लागले. जुन्या शब्दाच्या शेजारी नवा शब्द इतका चपखल येऊन बसल्याचे दुसरे उदाहरण आम्हांला तरी आठवत नाही. मोटेवरच्या गाण्यांवर आम्ही प्रबंध तपासले आहेत. मोटरीवरच्या बोलण्याकडे मात्र कोणी फिरकले नाही.

आता ‘किर्लोस्कर’ मासिकाविषयी. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ते ‘किर्लोस्कर खबर’ या नावाने सुरू केले ते कारखान्याची बातमी ग्राहकांपर्यंत आणि विक्रेत्यांपर्यंत पोहोचावी म्हणून. १९२९ साली ‘खबर’ गळाले. हा परका शब्द काढावा अशी सूचना सावरकरांची होती, असे सांगतात. पुढे १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ आले. आम्ही वर्गात शिकवतो ते इथून पुढचे: सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध, स्त्रीसुधारणा, कथा, मुखपृष्ठे. ते शिकवायलाच हवे. पण जे नियतकालिक यंत्र वापरणाऱ्यांसाठी जन्मले त्याचा तो जन्म आम्ही एका वाक्यात उरकतो, जणू तो किंचित लाजिरवाणा आहे. नांगर आणि पंप विकत घेणाऱ्या माणसाशी मराठीत कसे बोलावे हा प्रश्न त्या माळावर कोणालातरी पडला होता. मराठी गद्याच्या इतिहासात तो प्रश्न येतच नाही. ‘दिग्दर्शन’मधले शास्त्रीय लेख येतात, कारण ते बाळशास्त्री जांभेकरांचे. पाना हातात घेतलेल्या वाचकाला त्या इतिहासात जागा नाही.

असो. गाडीकडे येऊ.

सांगलीत मिरज रस्त्याला एक जुने मिस्त्री आहेत. वय सत्तरीपार, कामाला बसले ते वयाच्या तेराव्या वर्षी. (‘मिस्त्री’ हा शब्द मूळ पोर्तुगीज ‘मेस्त्रे’, म्हणजे गुरू किंवा उस्ताद. आपल्याला बटाटा आणि पाव देणाऱ्यांनीच तो दिला.) आम्हांला वाटले होते की ते मोटर काढतील आणि मेली म्हणून सांगतील. त्यांनी मोटरीला हातच लावला नाही. चावी फिरवली, पंखा लावला आणि पेचकसाचे टोक मोटरीच्या अंगाला टेकवून मूठ कानाशी धरली. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची जवारी लावताना जसा कान देतो तसे ते काही वेळ बसले. मग विचारले, “सर, वायपर लावला की आणखी मंद होतो का?” होत होता. “आणि उभ्या गाडीत?” तेव्हाही होई. त्यावर ते म्हणाले, “उभ्या गाडीचं सोडा. डायनॅमोची गाडी आहे, उभी असताना तो काही भरत नाही. वायपरचं मात्र ध्यानात ठेवा.”

नंतर त्यांनी बॅटरीच्या धन टोकापासून एक लांब वायर थेट मोटरीला आणली. पंखा जरा सुधारला. मग दुसरी वायर मोटरीच्या अंगापासून बॅटरीच्या ऋण टोकाला लावली, आणि पंख्याने एकदम आवाज बदलला. डॅशबोर्डावरचे जुने बिल उडाले.

“मोटर मेली नाही सर,” ते म्हणाले, “तिला अर्थ मिळत नाही.”

आम्ही दोघे हसलो. वीस वर्षे आम्ही अर्थाचेच दुकान चालवीत आलो आहोत. अभिधा, लक्षणा, व्यंजना. मिस्त्रींना आमच्या हसण्याचे कारण कळले नाही आणि ते सांगताना आम्हांला थोडे ओशाळल्यासारखे झाले. त्यांचा ‘अर्थ’ इंग्रजी, आमचा संस्कृत. पण त्यांनी पुढे जे समजावले ते ऐकल्यावर दोन्ही शब्द आम्हांला एकमेकांपासून फार लांबचे वाटेनात. गाडीत प्रत्येक दिव्याला, प्रत्येक मोटरीला वीज नेणारी वायर एकच असते. परतीचा रस्ता म्हणजे गाडीचा पत्रा. त्या पत्र्याला मोटरीचे अंग जिथे स्क्रूने टेकते तिथे गंज असेल, रंगाचा थर असेल, तर वीज निघते पण परतू शकत नाही. बारा व्होल्टांतले दोन-अडीच व्होल्ट त्या गंजातच खर्ची पडतात. स्क्रूला बोट लावले तर तो कोमट लागतो. वायपरही त्याच स्क्रूवरून परतीची वाट धरीत होता, म्हणून दोघे एकमेकांचे तोंडचे काढून घेत होते. ज्यांनी हा हीटर बसवला त्यांनी रंगवलेल्या पत्र्यावर तसाच स्क्रू आवळला होता. चाळीस वर्षांपूर्वी तो धरला असेल, नंतर हळूहळू सुटत गेला.

मिस्त्रींनी पत्रा खरवडून चकचकीत केला, दात्यांची वॉशर घातली, वर ग्रीस लावले. एवढ्यावर ते थांबले असते तर आमचे समाधान झाले असते. पण मोटर अजून “पूर्ण ओढत नाही” असे त्यांचे म्हणणे पडले, आणि त्यांनी ती उतरवली. घरट्यासारख्या त्या डब्यातून आंब्याची सुकी पाने निघाली आणि मूठभर काळी राख. शेतात उसाचे पाचट पेटवतात त्याची. दोन्ही कार्बन झिजून नखाएवढे उरले होते, मागची स्प्रिंग त्यांना रेटू शकत नव्हती. तांब्याच्या पट्ट्यांवर काळा थर होता. पट्ट्यांच्या मधल्या अभ्रकाच्या रेघा तांब्याच्या पातळीला आल्या होत्या, त्यामुळे कार्बन त्यांवरून उडत होता. मिस्त्रींनी बारीक पॉलिश पेपरने पट्ट्या उजळल्या आणि करवतीच्या मोडक्या पात्याने एकेक रेघ कोरून खाली घेतली. या कामाला दीड तास लागला. आमच्यापैकी एकाने मिक्सरचा कार्बन बाजारात सहज मिळतो असे सुचवून पाहिले. “तो घरच्या विजेचा, सर. इथं बारा व्होल्टला तांबं मिसळलेला लागतो,” असे म्हणून त्यांनी एका जुन्या डायनॅमोचा कार्बन काढला आणि कानशीने घासून मापात आणला. दोन्ही टोकांचे पितळी बुश कोरडे ठणठणीत होते. हे बुश अंगाने सच्छिद्र असतात, तेल पिऊन ठेवतात आणि धुरी फिरू लागली की थोडे थोडे सोडतात. वरून तेल ओतले तर ते कार्बनवर जाऊन चिखल होतो. म्हणून मिस्त्रींनी ते गरम तेलात रात्रभर बुडवून ठेवले. दुसऱ्या दिवशी दुपारी मोटर जागेवर बसली. मजुरी तीनशे रुपये. आम्ही जास्त देऊ केले ते त्यांनी घेतले नाहीत. काम तीनशेचेच होते, असे म्हणाले.

त्या दीड तासात आम्ही शेजारी स्टुलावर बसून एका जुन्या उपस्थितिपत्रकाच्या पाठीवर शब्द टिपत होतो. कार्बन, बुश, आर्मेचर, कॉईल, स्विच, वॉशर. नामे जवळजवळ सगळी परकी. भाषाशुद्धीच्या बाजूने पाहिले तर हे मराठी नव्हेच. पण क्रियापदे? मोटर ओढते, रडते, गुरगुरते. बुश खेळतो. कार्बन बसतो, उडतो. स्क्रू धरतो, सुटतो. आटे जातात. जोड तापतो आणि करंट खातो. यातले एकही क्रियापद उसने नाही आणि प्रत्येकात एक निदान आहे. ‘खेळतो’ म्हणजे भोक किती मोठे झाले, ‘रडते’ म्हणजे तेल संपले, ‘खातो’ म्हणजे गंज कुठे शोधायचा. ज्ञान नामांत नाही, क्रियापदांत आहे. आणि शुद्धीच्या किंवा अशुद्धीच्या वादात आपण शंभर वर्षे फक्त नामे मोजली. ‘खबर’ काढली की मासिक मराठी झाले, ‘ब्रश’ ठेवला की मिस्त्री अमराठी झाला, असा तो हिशेब.

याचा अर्थ पारिभाषिक शब्द घडवणाऱ्यांनी व्यर्थ श्रम केले असा कोणी घेऊ नये. पसरणीच्या घाटाच्या पायथ्याशीच वाई आहे आणि वाईत मराठी विश्वकोशाचे कार्यालय. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली १९६०नंतर तिथे जे काम सुरू झाले त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. त्या कोशात आमच्या पंख्याच्या मोटरीला ‘विद्युत् चलित्र’ म्हणतात आणि त्या तांब्याच्या पट्ट्यांच्या कड्याला ‘दिक्परिवर्तक’. या शब्दांची थट्टा करणे सोपे आहे. आम्हीही स्टाफरूममध्ये ती केली आहे. पण मिस्त्रींच्या हातातले ते कडे पाहिल्यावर आमचे मत बदलले. ‘कम्युटेटर’ म्हटल्याने मराठी माणसाला त्या वस्तूविषयी काहीच कळत नाही. ‘दिक्परिवर्तक’ हा शब्द ती वस्तू काय करते ते सांगून टाकतो: दर अर्ध्या फेऱ्याला विजेची दिशा बदलतो, म्हणून आर्मेचर डुगडुगत न राहता एकाच दिशेने फिरते. आम्ही चाचरतच तो शब्द मिस्त्रींना सांगितला. त्यांनी तो दोनदा उच्चारून पाहिला, हातातले कडे अंगठ्याने फिरवले आणि म्हणाले, “बरोबर आहे की. दिशाच बदलतं ते. कुणी काढला हा शब्द?” वाईत, आम्ही म्हणालो. “मग इकडं कसा आला नाही?”

याला आमच्याजवळ चांगले उत्तर नव्हते. सांगलीहून वाई तीन-साडेतीन तासांची वाट. मध्ये किर्लोस्करवाडी आहे, ओगलेवाडी आहे, सातारा रोड आहे. नांगर या वाटेने गेले, कंदील गेले, इंजिने गेली. शब्द नेणारे कोण होते, तर आम्हीच. महाविद्यालयांतले मराठीचे प्राध्यापक. ते काम आपले आहे हे आमच्या गावीही नव्हते. आणि उलट दिशेने, मिस्त्रींची क्रियापदे वाईपर्यंत नेण्याचे कामही कोणी केले नाही.

गाडी राहिली. २०२१ सालच्या नव्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ हा स्वतंत्र वर्ग दिला, त्यात ती आता वयाने बसते. मुंबईत तिच्या भावंडांपैकी शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली तेव्हा मिस्त्रींनी वर्तमानपत्रातला फोटो कापून गॅरेजच्या भिंतीला लावला. त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला आहे. दुपारनंतर ते काम घेत नाहीत. मुलगा हुशार आहे, पण तो नव्या गाड्यांचे काम करतो आणि त्यात मोटर उघडत नाहीत, बदलतात. त्याचाही इलाज नाही. ती मोटर उघडण्यासाठी केलेलीच नसते.

मागच्या श्रावणात आम्ही पुन्हा पसरणी चढलो. ढग तसेच होते. काच खालून वर, दोन अर्धवर्तुळांत, मोकळी होत गेली आणि हॅरिसन फॉलीच्या आधीच पूर्ण साफ झाली. पंख्याचा आवाज इतका मोठा येतो की बोलताना ओरडावे लागते. उपस्थितिपत्रकाच्या पाठीवरचे शब्द आता एका वहीत आले आहेत आणि दर शनिवारी सकाळी ती घेऊन आमच्यापैकी एक जण मिरज रस्त्याला जातो. मिस्त्री वही डोळ्यांजवळ धरून वाचतात आणि दुरुस्त्या सांगतात. परवा त्यांनी पहिल्याच पानावर बोट ठेवले. “हे ‘ब्रश’ खोडा, सर. ब्रश रंगाऱ्याचा. आमचा कार्बन.”